एका केबलसाठी चार दुकाने

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फ्रीज घ्यायला आलेल्या माणसाला खुर्ची मिळते, थंड पाणी मिळते, कधी कधी चहासुद्धा मिळतो. त्याच दुकानात केबल मागायला आलेल्या माणसाला नुसती मान हलवून दाखवली जाते. तीही बहुतेक वेळा मोबाईलवरून नजर न काढता. गेल्या काही महिन्यांत या मान हलवण्याचे सगळे प्रकार आम्ही पाहिले. त्यांतून तीन उत्तरे निघतात. पहिले, "नाही." दुसरे, "ऑनलाईन बघा." आणि तिसरे, जे सर्वांत महाग पडते, "मॅडम, आता हे जुनं झालं, नवीनच घ्या."

आम्ही म्हणजे एका तालुक्याच्या गावातील उर्दू माध्यमाच्या शाळेतील दोघी शिक्षिका. एक उर्दू आणि मराठी शिकवते, दुसरी विज्ञान. हा लेख एकीने लिहिला असला तरी चपला दोघींच्या झिजल्या आहेत, म्हणून 'आम्ही'.

आमच्या शाळेत एक प्रोजेक्टर आहे. वय झालेले आहे, पण दिवा चांगला आहे. त्याला जोडलेला जुना संगणक मागच्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून एक चांगला लॅपटॉप दिला. सगळे खूश झाले. लॅपटॉप टेबलावर आला, प्रोजेक्टर कपाटातून निघाला, आणि मग लक्षात आले की या दोघांची भेट होऊच शकत नाही. प्रोजेक्टरला निळ्या रंगाची, पंधरा भोकांची, तीन ओळींची जुनी जागा आहे. तिला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीने ती १९८७ साली आणली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे प्रत्येक संगणकाच्या पाठीवर ती असायची. नव्या लॅपटॉपला ती नाही. त्याला आहे एचडीएमआय, म्हणजे तुमच्या घरच्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स जिथे लागतो ती चपटी जागा.

प्रोजेक्टरवाचून शाळा थोडीच बंद पडते, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, पडत नाही. पण उर्दू लिहायला शिकवणाऱ्याला विचारा. आमच्या लिपीत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरत येतो. फळ्यावर खडूने काढलेला नुक्ता शेवटच्या बाकावरून एक आहे की दोन, हे दिसत नाही. पन्नास-साठ मुले, लांबट वर्ग, आणि मागे बसलेल्या निम्म्या मुलींना चष्म्याची गरज असून घरी कोणी डोळे तपासलेले नाहीत. बालभारतीची उर्दू पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात. पान भिंतीवर हातभर मोठे करून दाखवले की त्याच मुली वाचू लागतात. विज्ञानाच्या बाईंचेही तेच. हृदयाचे कप्पे फळ्यावर चारदा काढून जे समजत नाही, ते रक्त वाहताना एकदा दाखवले की समजते.

तर एक केबल हवी होती. आम्ही दोन्ही जागांचे मोबाईलवर स्वच्छ फोटो काढले, प्रोजेक्टरचा मॉडेल नंबर कागदावर लिहिला आणि निघालो.

पहिले दुकान स्टँडजवळचे, मोबाईलचे. तिथल्या मुलाने "चार्जिंगची वायर ना?" असे विचारले. नाही म्हटल्यावर "मग आपल्याकडे नाही" असे सरळ सांगितले. त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणारा माणूस आपला वेळ वाचवतो.

दुसरे दुकान जिल्ह्याच्या ठिकाणचे. दोन मजली, काचेचे, आत एसी. शनिवारची शाळा सुटल्यावर एसटीने गेलो. आत सहा-सात कर्मचारी उभे होते. पहिला म्हणाला, "मी फक्त टीव्हीचा आहे." दुसरा वॉशिंग मशीनचा होता. तिसऱ्याने आमच्याकडे पाहिले आणि "आपको क्या मंगता है?" असे विचारले. आम्ही मराठीत बोलत होतो, बरे का. स्वच्छ मराठीत, त्यातली एक तर मराठीच शिकवते. तरी उत्तर हिंदीत आले. डोक्यावरचा स्कार्फ पाहून आमची भाषा ठरवली जाते, हे वाचक भगिनींना नवीन सांगायला नको. आम्ही मराठीतच बोलत राहिलो. चौथ्या वाक्याला तोही मराठीवर आला.

फोटो दाखवायला मोबाईल पुढे केला तर त्याने हातात घेतलाच नाही. "व्हीजीए? ते आता कोणी वापरत नाही. तुमचा प्रोजेक्टर आउटडेटेड झालाय. नवीन घ्या, स्क्रीनसकट देतो, ईएमआय होईल." आम्ही म्हटले, शाळेची वस्तू आहे, चालू आहे, फक्त जोडायची आहे. यावर त्याने जे केले ते आम्हाला जास्त लागले. तो शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहून हसला.

गोष्ट तिथेच संपली असती तर हा लेख लिहिला नसता. पण "नवीन घ्या" हा शब्द आमच्याआधी गावात पोचला. त्या दुकानात आमच्या शाळेच्या एका पालकाचे नातेवाईक काम करतात. पुढच्या पालक-शिक्षक सभेत विषय निघाला की प्रोजेक्टर आता भंगारात गेला, मोठ्या दुकानवाल्यांनीच तसे सांगितले आहे, तर जमलेल्या निधीतून नवा घ्यावा. निधी होता बत्तीस हजार. कोणी शंभर दिले होते, कोणी पन्नास. त्यात बिड्या वळणाऱ्या मातांचे होते, भाजीच्या गाडीवाल्यांचे होते. तो निधी पाण्याच्या फिल्टरसाठी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या मोडक्या दारांसाठी जमवला होता. दारांना कडी नाही म्हणून मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे शाळेतल्या प्रत्येक शिक्षिकेला माहीत आहे. आणि आता ते पैसे एका विक्रेत्याच्या हसण्यावरून प्रोजेक्टरकडे वळत होते. आम्ही सभेत पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

तिसरे दुकान संगणकाचे. तिथला तरुण बोलका होता. फोटो पाहिला, "आहे ना!" म्हणाला आणि एक छोटा डबा काढून दिला. डब्यावर 'व्हीजीए टू एचडीएमआय' लिहिले होते. विज्ञानाच्या बाईंनी तिथेच विचारले, "हे उलटं नाही का? आम्हाला लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या व्हीजीएमध्ये न्यायचं आहे." तो म्हणाला, "कंपनी असंच लिहिते. दोन्हीकडून चालतं. नाही चाललं तर आणून द्या, मी आहे इथे." किंमत चारशे नव्व्याण्णव. बिल मागितले तर "बिल लागलं तर जीएसटी वेगळा पडेल" असे उत्तर आले. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, हे डब्यावरच लिहिलेले असते. तेवढी ओळ आम्ही बोट ठेवून दाखवली आणि बिल घेतले.

ती वस्तू जागच्या जागी बसली. निळा भाग प्रोजेक्टरमध्ये घट्ट बसला, दुसऱ्या बाजूला एचडीएमआयची केबलही बसली. आणि भिंतीवर अक्षरे आली: 'नो सिग्नल'.

इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे, कारण फसगत नेमकी इथेच होते. व्हीजीएमधून चित्र जाते ते कमी-जास्त होणाऱ्या विजेच्या लहरीच्या रूपात. एचडीएमआयमधून जाते ते आकड्यांच्या रूपात, शून्य आणि एक. ही दोन वेगळी भाषा बोलणारी माणसे आहेत. त्यांच्यामध्ये नुसती तार जोडून भागत नाही, दुभाषी लागतो. तो दुभाषी म्हणजे आतली चिप. आणि हा दुभाषी एकाच दिशेने बोलतो. व्हीजीएचे एचडीएमआय करणारा वेगळा, एचडीएमआयचे व्हीजीए करणारा वेगळा. उलटा लावला तर बसतो, पण बोलत नाही. बाजारात अशाही साध्या केबली मिळतात ज्यांच्या एका टोकाला हे आहे, दुसऱ्या टोकाला ते आहे, आणि मध्ये दुभाषीच नाही. दिसायला अगदी हवी तशी, उपयोग शून्य.

आम्ही परत गेलो. 'मी आहे इथे' म्हणणारा तिथेच होता, पण आता बोलका राहिला नव्हता. त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आम्ही शांतपणे सांगितले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, वस्तूचा जो उपयोग नाही तो आहे असे सांगून विकणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा, आणि बिल न देणे हीसुद्धा. मग मालक आतून आले. अर्धा तास गेला. रोख रक्कम मिळाली नाही. तीन महिन्यांच्या मुदतीची क्रेडिट नोट मिळाली. एवढ्यासाठी कोणी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात नाही हे दुकानदाराला ठाऊक असते. खरे तर पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात शुल्क लागत नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक तर नुसत्या फोनचे काम आहे. मराठीतही बोलता येते.

चौथे दुकान पुण्यात तपकीर गल्लीत सापडले. एका लग्नासाठी पुण्याला जाणे होते, वेळ काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बुधवार पेठेत लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला ही अरुंद गल्ली आहे, दोन्ही बाजूंना विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची दुकाने. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड म्हटले की जे आठवते, तेच पुणेकरांना तपकीर गल्ली म्हटले की. दुकान कसले, अडीच फुटांचा काउंटर. मागे एक वयस्क गृहस्थ, नाकावर घसरलेला चष्मा. "या, बसा" वगैरे काही नाही. बसायला जागाच नव्हती. त्यांनी मान वर न करता विचारले, "कुठून कुठे?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. तीन दुकानांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

लॅपटॉपमधून प्रोजेक्टरमध्ये, असे सांगितले. मग पुढचे प्रश्न आले. लॅपटॉपला एचडीएमआय मोठे आहे की बारीक? प्रोजेक्टर किती लांब? व्हीजीएची जुनी केबल आहे का? आहे, दहा मीटरची. "मग नवी कशाला घेता? फक्त हा तुकडा घ्या." शेवटी म्हणाले, "आणि आवाज कुठे काढणार?" याचा आम्ही विचार केला होता, पण तो त्यांनी विचारावा याचेच नवल वाटले. व्हीजीएमधून आवाज जातच नाही. एचडीएमआयमधून जातो. म्हणून चांगल्या कन्व्हर्टरच्या बाजूला हेडफोन लावतात तसे एक भोक असते, तिथून स्पीकरला वायर न्यायची. त्यांनी डबा फोडला, काउंटरखालचा एक जुना जाड मॉनिटर वर ठेवला, स्वतःच्या लॅपटॉपला जोडून चित्र दाखवले, मग पुन्हा डबा बंद केला. "प्रोजेक्टर जुना असेल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन १०२४ बाय ७६८ करा, नाहीतर अक्षरं फाटकी दिसतील." तीनशे ऐंशी रुपये. बिल न मागता. सगळे मिळून बारा मिनिटे, आणि त्या बारा मिनिटांत त्यांनी आणखी तीन गिऱ्हाइके केली.

सोमवारी भिंतीवर बे, पे, ते, से आले, एकेक नुक्ता वाटाण्याएवढा. पालक संघाचे बत्तीस हजार वाचले. दारे बसली, कड्या लागल्या. फिल्टरचे काम चालू आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आमचे कित्येक विद्यार्थी अशाच दुकानांत उभे आहेत. बारावी झाली, पुढे शिकायला पैसे नाहीत, की काचेच्या शोरूममध्ये नोकरी. त्यांच्याशी बोलल्यावर कळते की 'मी फक्त टीव्हीचा आहे' हे उत्तर उद्धटपणाचे नसते. मोठ्या दुकानांतली बरीच मुले दुकानाची नसतातच, त्या त्या कंपनीने तिथे उभी केलेली असतात. महिन्याला किती टीव्ही गेले यावर त्यांचे पैसे ठरतात. केबलवर काहीच ठरत नाही. दिवसभर उभे राहायचे, बसायला मनाई. प्रशिक्षण मिळते ते नव्या मॉडेलचे आणि हप्त्यांच्या हिशोबाचे. मागच्या बाजूला कोणते भोक कशाचे, हे त्यांना कोणी शिकवत नाही. ज्या मुलाने शिकावे अशी व्यवस्थाच नाही, त्याने न शिकल्याचा दोष निम्मा मालकाकडे जातो. हसण्याचा मात्र त्याचा स्वतःचा.

केबलची ही अडचण शाळेपुरती नाही. घराघरांत आहे. आमच्याच ओळखीच्या एका घरात अब्बांना कमी ऐकू येते. ते टीव्हीचा आवाज एवढा वाढवतात की नातवाचा अभ्यास होत नाही. हेडफोन आणला, तर नव्या टीव्हीला हेडफोनचे भोकच नाही. दुकानात सांगितले, "ब्लूटूथचा टीव्ही घ्या." खरे तर त्या टीव्हीच्या मागे लहानसे चौकोनी झाकण होते आणि आत लाल उजेड दिसत होता. त्याला ऑप्टिकल म्हणतात. तिथून आवाज उजेडाच्या रूपात निघतो. त्याचा साधा आवाज करणारा छोटा डबा मिळतो आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' वर ठेवावा लागतो. आता अब्बा रात्री बातम्या ऐकतात आणि शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास चालतो.

दुसरे एक घर. रक्तदाब मोजायचे यंत्र सेलवर चालायचे, सेल सारखे संपायचे, म्हणून सुनेने अडॅप्टर मागितला. दुकानदाराने पिन बसते एवढे पाहून बारा व्होल्टचा दिला. यंत्रावर सहा व्होल्ट लिहिले होते. यंत्राच्या भोकाजवळ एक खूण असते, मध्ये ठिपका आणि बाहेर कंस, दोन्ही बाजूंना अधिक आणि उणे. आतले टोक अधिक आहे की उणे, ते त्यावरून कळते. व्होल्ट आणि ही खूण दोन्ही जुळली पाहिजेत. पिन बसणे हा काही पुरावा नाही. त्या सुनेने यंत्र उलटे करून वाचले आणि अडॅप्टर लावलाच नाही, म्हणून यंत्र वाचले.

आणि टाईप-सी. हा तर सगळ्यांच्या हातात आहे. २०१४ साली तो आला तेव्हा वाटले की आता एकच केबल, सगळा गोंधळ संपला. पण उर्दू शिकणाऱ्या मुलांना आम्ही जे सांगतो तेच इथे लागू आहे. नुक्ते काढून टाका, मग बे कोणती आणि ते कोणती, ओळखून दाखवा. टाईप-सीचे तसेच आहे. बाहेरून सगळ्या सारख्या, आत वेगळ्या. एखादी केबल फक्त चार्ज करते, तिच्यात माहिती नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. मग लग्नाचे फोटो मोबाईलमधून संगणकात जात नाहीत आणि दुकानदार मोबाईल बिघडला म्हणून सांगतो. मोबाईल टीव्हीला जोडायचा असेल तर फोनच्या त्या भोकातून चित्र बाहेर येण्याची सोय मुळात असावी लागते. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ती नसते. ती नसेल तर साधी टाईप-सी ते एचडीएमआय केबल हजाराची घ्या की तीनशेची, काहीही दिसणार नाही.

आमच्या शाळेत आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. प्रत्येक भोकाचे चित्र, नाव उर्दूत आणि मराठीत, त्यातून आवाज जातो की नाही, आणि कोणत्या दिशेला कोणता कन्व्हर्टर. नववीच्या दोन मुलींनी तो तयार केला. परवा त्यातली एक सांगत होती की तिच्या मामूंना प्रिंटरची वायर हवी होती, तर दुकानात जाण्याआधी तिने वहीच्या पानावर चौकोनी तोंडाचे चित्र काढून दिले आणि खाली लिहिले: 'प्रिंटरमधून संगणकात, अंतर तीन मीटर'. मामू पहिल्याच दुकानातून वायर घेऊन आले.

आमच्याकडच्या क्रेडिट नोटला अजून तीन आठवडे आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, स्पीकरची वायर तिथूनच घ्या. विज्ञानाच्या बाई म्हणतात, घेऊ, पण काउंटरवर जोडून, आवाज ऐकून.